शूटिंग म्हणजे निसवण : आमची वाटचाल

जळगावच्या गोलाणी मार्केटात २००३ साली आम्ही डीटीपीचं दुकान टाकलं. दोन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि उधारीवर घेतलेला स्कॅनर. लग्नपत्रिका, कोर्टाचे कागद, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, सगळं पेजमेकरमध्ये लावायचं. पत्नी मराठी घेऊन बी.ए. झालेली. टायपिंगला आणि शुद्धलेखनाला तिचा हात माझ्यापेक्षा तेव्हाही पुढे होता, आजही आहे.

इंग्रजीवरून मराठी करायचं पहिलं काम नानांनी आणलं. नाना म्हणजे एमआयडीसीत ठिबकमधून सोडायच्या विद्राव्य खतांचं पॅकिंग करणारे आमचे पहिले गिऱ्हाईक. वीस वर्षांत त्यांनी एकदाही बिल थकवलं नाही. पहिलं पत्रक मी डिक्शनरी उघडून केलं होतं. नानांनी दोन ओळी वाचल्या, कागद घडी करून खिशात घातला आणि मला मोटरसायकलवर बसवून फैजपूरच्या पुढे एका केळीच्या बागेत नेलं. घडाखाली उभं करून म्हणाले, "हा घड. ही फणी, इंग्रजीत हिला हँड म्हणतात. हे खाली लोंबतंय ते कमळ. आणि केळ निसवली म्हणजे हे बाहेर पडलं, त्याला तुझ्या कागदात शूटिंग लिहिलंय. आता घरी जाऊन लिही."

त्या रात्री लाल कापडी बांधणीची एक चोपडी काढली, दिवाळीला व्यापारी पूजतात तसली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे आपला, आणि त्याखाली तो कोणी सांगितला, कुठल्या गावाला. मृगबाग, कांदेबाग, पिलबाग हे केळीच्या बागांचे प्रकार, पोगा म्हणजे न उलगडलेलं पान, आळवणी म्हणजे मुळाशी औषध ओतणं. रावेर-यावलकडची लेवा बोली, अमळनेर-धुळ्याकडची अहिराणी, धडगावकडे पावरी. आज तिसरी चोपडी चालू आहे. आमच्या धंद्याचं भांडवल विचाराल तर मी ह्याच तीन वह्या दाखवीन.

पुढची बरीच वर्षं काम नीट चाललं. जुन्या फॉन्टवरून युनिकोडवर, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला ओळखता येणाऱ्या अक्षरांवर आलो, चार माणसं ठेवली, पुण्या-दिल्लीच्या एजन्सींची कामं येऊ लागली.

मग २०२३ उजाडलं. आमच्या एकूण कामातला निम्म्याहून जास्त भाग ज्या एका एजन्सीकडून यायचा, तिची मेल आली. यापुढे भाषांतर मशीन करेल, तुम्ही फक्त नजरेखालून घाला. शब्दाला १ रुपया १० पैसे मिळायचे, ते ३५ पैसे झाले. मशीनचं मराठी वाईट नव्हतं, हे मी तेव्हाही मान्य केलं. गूगलने २०१७ मध्ये मराठीला अख्खं वाक्य एकदम घेणारी न्यूरल पद्धत लावली तेव्हापासून वाक्यं सरळ यायला लागली होती, आणि चॅटजीपीटीनंतर तर ती गुळगुळीत झाली. पण गुळगुळीत वाक्यातली चूकच हाताला लागत नाही. पूर्वी मशीन अडखळायचं, तिथे आपण थांबायचो. आता ते कुठेच अडखळत नाही, म्हणून प्रत्येक वाक्य मूळ इंग्रजीशी ताडून पाहावं लागतं. ह्या कामाला वेळ पूर्वीइतकाच लागतो आणि पैसे एक तृतीयांश.

त्याच सुमारास आमच्याकडेच काम शिकलेल्या एकाने खालच्या मजल्यावर गाळा घेतला. शब्दाला २० पैसे, संध्याकाळपर्यंत काम हातात. वाचणारं माणूस एकही नाही. इंग्रजी टाकायचं, मराठी काढायचं, पीडीएफ करून द्यायची. आमची चार गिऱ्हाइकं गेली. त्याने कॉम्प्युटर घेतला ह्याचा राग नाही, राग त्या पाटीवरच्या 'तज्ज्ञांकडून भाषांतर' ह्या शब्दांचा आहे. तो राग अजून गेलेला नाही.

आणि त्या घाईत चूक माझ्याच हातून झाली. दोन माणसं कमी केली होती, पगार तटले होते. नानांचं घडव्यवस्थापनाचं पत्रक मी मशीनला दिलं आणि वरवर बघून छापायला सोडलं. १० हजार प्रती. नाना एक प्रत घेऊन आले, टेबलावर ठेवली, बोट लावून वाचलं : 'शूटिंगनंतर १५ दिवसांनी शेवटचे दोन हात काढून टाका.' खाली खताची मात्रा प्रति हेक्टर. भाषांतर म्हणून ते चुकीचं नव्हतं. पण आमच्याकडे शेतकरी एकरावर हिशोब करतो, आकडा बघतो, एकक बघत नाही. हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. तेवढ्या पटीने खत सुटलं असतं.

नाना रागावले नाहीत. म्हणाले, "भाऊ, मशीनने बाग पाहिली नाही, ते समजू शकतो. तुला तर मी दाखवली होती."

छपाई माझ्या खर्चाने पुन्हा केली. पत्नीने एक बांगडी मोडली. ते मी विसरणार नाही.

त्यानंतर बसून ठरवलं की मशीन टाकून द्यायचं नाही आणि त्याच्या भरवशावरही राहायचं नाही. तिन्ही वह्यांतले शब्द पत्नीने टाइप करून शब्दसंग्रहाची फाइल केली आणि ओमेगाटी ह्या भाषांतराच्या प्रोग्राममध्ये बसवली. तो प्रोग्राम फुकट आहे, आणि वाक्यात 'शूटिंग' आलं की बाजूच्या चौकटीत 'निसवण' दाखवतो. पहिला खर्डा मशीनचा. मग शेतीचं वाचणारा माणूस वेगळा, औषधांचं वाचणारा वेगळा. आणि शेवटी कान.

कान आमच्या एका सहकाऱ्याचे. तो जन्मापासून दृष्टिहीन आहे. पहिल्यांदा आला तो गिऱ्हाईक म्हणूनही नाही, तक्रार घेऊन. आम्ही २००८ साली केलेली एका वसतिगृहाची माहितीपुस्तिका त्याने स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामला लावली होती. "काका, हे तुमच्याच दुकानातलं ना? माझ्या कॉम्प्युटरला यातलं एक अक्षर कळत नाही." कळणार कसं? जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवायचे. डोळ्याला 'प्रवेश' दिसायचं, आत भलतीच रोमन अक्षरं. पाच वर्षं आम्ही सुबक छापत होतो आणि ह्या माणसासाठी कोरे कागद काढत होतो.

आता प्रत्येक काम तो एनव्हीडीए ह्या स्क्रीन रीडरवर ऐकतो, इतक्या वेगाने की मला एक शब्द उमगत नाही. '५००-६००' लिहिलं तर मधली रेघ वाचली जात नाही, दोन सुटे आकडे ऐकू येतात, म्हणून '५०० ते ६००' लिहायचं हे त्याने शिकवलं. 'चित्रात दाखवल्याप्रमाणे' लिहून चित्राचं वर्णन न देणं त्याने बंद करवलं. आमच्या डोळ्यांखालून निसटलेली, मध्येच शब्द गळलेली वाक्यंही त्यालाच सापडतात.

या धंद्यात नव्याने येणाऱ्या पोरांना सांगतो. मशीनचं तपासायचं काम शब्दावर घेऊ नका, तासावर घ्या. गिऱ्हाइकाचा न छापलेला मजकूर फुकटच्या साइटवर चिकटवू नका. जुन्या फॉन्टमधल्या फाइली आजच युनिकोडमध्ये आणा. दिव्यांग हक्कांचा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे, गिऱ्हाइकाला त्याची आठवण करून द्या आणि दृष्टिहीनांना ऐकता येईल अशी फाइल करून देण्याचे पैसे वेगळे लावा. आणि रोगांची नावं डिक्शनरीतून उचलू नका. केळीवरच्या सीएमव्हीचं 'काकडी मोझॅक विषाणू' हे भाषांतर बिनचूक आहे, पण शेतकरी विचारतो, काकडी कोणी लावलीय? आमच्याकडे तो 'हरण्या'. मात्र त्याच पत्रकात बागेत काकडीवर्गीय पीक घेऊ नका हे वाक्य येतं, तिथे काकडी काकडीच राहते. हा फरक करायला रोग माहीत असावा लागतो.

आता नानांच्या पिशवीवर क्यूआर कोड असतो. स्कॅन केला की सूचना ऐकू येतात, कारण पत्रक वाचणारा मालक आणि प्रत्यक्ष पंप पाठीवर घेणारा माणूस बऱ्याचदा वेगळे असतात. प्रमाण मराठीला मशीनचा आवाज चालतो. अहिराणीला नाही चालत. शेतकऱ्यांच्या तक्रारींचे व्हॉइस मेसेज मशीनने लिहून काढले, तेव्हा 'वारा सुटना' चं त्याने 'वारा सुटेना' केलं होतं. अहिराणीत सुटना म्हणजे सुटला. अर्थ उलटा झाला, आणि फवारणीच्या कामात वारा सुटलाय की नाही ह्यावर माणसाच्या नाकातोंडात औषध जाणं ठरतं.

म्हणून अहिराणीसाठी एका निवृत्त अंगणवाडीताईंना बोलावतो, आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणतो. गेल्या महिन्यात त्यांच्यापुढे मी लिहिलेला कागद ठेवला आणि माइक चालू केला. त्यांनी पहिली ओळ मनात वाचली, चष्मा काढला. "आसं कोनी बोलत नही, भाऊ." मग कागद बाजूला सारून, समोर कोणी उभं असावं तसं म्हणाल्या, "वारा सुटना, आते फवारा मारू नका."

सहकाऱ्याने हेडफोनवर ते दोनदा ऐकलं आणि मान हलवली. मी चोपडी ओढली, वाक्य उतरवून घेतलं, खाली गाव लिहिलं, अमळनेर.