कोल्हापूर ते शहीद द्वीप : ओहोटी बघून आखलेली सहल

शहीद द्वीप म्हणजे अंदमानातलं पूर्वीचं नील बेट. डिसेंबर २०१८ मध्ये नाव बदललं, पण जेट्टीवरच्या रिक्षावाल्यांच्या तोंडी अजून नीलच आहे. अंदमानला जाणारी बहुतेक मंडळी शेजारच्या हॅवलॉक बेटावर मुक्काम करतात आणि नीलला जाता जाता चार-पाच तास देतात. बोटीतून उतरायचं, रिक्षानं तीन किनारे उरकायचे, पुढची बोट पकडायची. माझं ऐकाल तर असं करू नका. इथं काय बघायला मिळणार हे ओहोटी ठरवते, आणि ओहोटीला तुमच्या बोटीच्या तिकिटाशी काही देणंघेणं नसतं. किमान दोन रात्री राहा.

आधी पोचायचं कसं ते. कोल्हापूरहून पोर्ट ब्लेअरला थेट विमान नाही. (त्या शहराचंही नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं.) चेन्नई, बंगळूर, कोलकाता इथून विमानं आहेत. आम्ही रात्रीच्या बसनं बंगळूर गाठलं. पण त्यांचा विमानतळ देवनहळ्ळीला, शहराच्या पार उत्तरेला. शहरातल्या मॅजेस्टिक बसस्थानकावरून तिकडं बस आहेत, तरी सकाळचं ट्रॅफिक धरून भरपूर वेळ हाताशी ठेवा. बसच्या भरवशावर पहाटेच्या विमानाचं तिकीट काढण्यात शहाणपण नाही.

पुढं बोट. सरकारी बोटी फिनिक्स बे जेट्टीवरून सुटतात, खासगी हॅडोवरून. तिकिटावरचा धक्का वाचूनच रिक्षात बसा. सरकारी बोट स्वस्त आणि निवांत, खासगी वेगवान आणि एसी. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी घ्या. उलट्या सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही.

बेट लहान, सुमारे १४ चौरस किलोमीटरचं. भाड्याची स्कूटर किंवा सायकल पुरते. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वस्त्या इथं वसवल्या गेल्या. त्यामुळं बोली बंगाली, आणि किनाऱ्यांची नावं रामायणातली : भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. आत सगळी शेती. केळी, सुपारी, भाजीपाला. अंदमानातल्या बाजाराला इथून भाजी जाते. त्यामुळं शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. मासे झकास, फक्त फोडणीला मोहरीचं तेल. आमच्या दाजींनी पहिल्याच जेवणाला कांदा-लसूण चटणीची डबी बाहेर काढली. तुम्हीही न्या, लाजू नका.

आता मुख्य गोष्ट. कोकणात पाहुणे असतील तर तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा हिशोब ऐकला असेल. तो त्या किनाऱ्याचा, इथं लावू नका. पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक नेटवर मिळतं, नाहीतर हॉटेलवाल्याला विचारा. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात जास्त मागं हटतं. हे बघून दिवस आखा : ओहोटीला नॅचरल ब्रिज, पाणी चढलं की भरतपूर.

नॅचरल ब्रिज ही लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावरची दगडी कमान. बंगाली लोक तिला हावडा ब्रिज म्हणतात. फोटो सगळे कमानीचे काढतात, पण खरी मजा पायाखाली आहे. पाणी हटलं की खडकांत डबकी उरतात, आणि त्यांत समुद्रकाकड्या (काकडीच्या आकाराचे मऊ जीव), तारामासे, इवले निळे मासे. नुसत्या डोळ्यांना यातलं निम्मंही दिसत नाही, म्हणून स्थानिक वाटाड्या घ्याच. कोल्हापुरी चप्पल खोलीवर ठेवा. मेलेलं पोवळं धारदार असतं आणि शेवाळावर पाय सटकतो. मागून पट्टा असलेली रबरी सँडल हवी.

भरतपूर जेट्टीच्या जवळच. काचेच्या तळाची बोट, स्नॉर्केलिंग (तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खालचं बघायचं), सगळं इथं. दाजी पंचगंगेत पोहलेले, त्यामुळं लाइफ जॅकेट नको म्हणत होते. वाटाड्यानं शांतपणे सांगितलं, ‘दादा, बुडायची भीती नाही, तुम्ही दमून पोवळ्यावर उभे राहाल याची भीती आहे.’ जॅकेट चढलं. पोवळं म्हणजे दगड नव्हे, लाखो बारक्या जिवांची वसाहत. त्यांच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल त्यांना अन्नही देतं आणि रंगही. पाणी फार तापलं की हे शैवाल बाहेर पडतं आणि पोवळं पांढरं होतं. २०१० आणि २०१६ मध्ये अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर झालं. त्यामुळं जाहिरातीतल्यासारखं सगळं रंगीत दिसेल या आशेनं जाऊ नका. मेलेल्या राखाडी पट्ट्यांच्या मध्येच जिवंत झुडपं दिसतात, आणि मासे मात्र भरपूर. अंगाला सनस्क्रीन फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट बरा. स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून खोल बुडी, करणार असाल तर त्यानंतर किमान १८ तास विमानात बसू नका.

खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आहेत. पोहू नका असा फलक असेल तिथं घोट्याइतक्या पाण्यातसुद्धा जाऊ नका.

घड्याळ आपलंच, पण सूर्य वेगळा. कोल्हापूरच्या मानानं इथं सगळं सव्वा तासानं लवकर. थंडीच्या दिवसांत पाचच्या सुमाराला उजाडायला लागतं आणि साडेपाचपर्यंत सूर्य गेलेला असतो. ‘चहा घेऊन सूर्यास्ताला जाऊ’ म्हणाल तर अंधार बघाल. चारलाच लक्ष्मणपूर गाठा. सूर्योदयाला सीतापूर. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या फार चावतात, ओडोमॉस आणि पूर्ण पँट हवी.

किनाऱ्यावर सापडलेला पोवळ्याचा मेलेला तुकडाही उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात. लहान पोरांना हे आधीच सांगून ठेवा, त्यांचे खिसे रोज रात्री रिकामे करा.

रोकड पोर्ट ब्लेअरलाच काढा. जायला नोव्हेंबर ते एप्रिल बरा. मेच्या मध्यापासून पाऊस येतो आणि बोटी रद्द होतात. तशा त्या इतर वेळीही खराब हवेत रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्रीचा मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच ठेवा. सेल्युलर जेल त्या दिवसासाठी राखून ठेवा. ते कुठल्या दिवशी बंद असतं, तेवढं बघून तिकीट काढा.