तुम्ही विचारलंत म्हणून: त्यांचे नातेवाईक आहेत, चर्च आहे, मग तू काय करतेस?

ऑकलंडमधल्या मराठी मंडळींत कुठेही गेलं, गणपती असो, दिवाळी असो, कुणाचं डोहाळजेवण असो, हा प्रश्न येतोच. तू साउथ ऑकलंडला सामोअन, टोंगन, किरिबातीच्या लोकांना सेटल व्हायला मदत करतेस म्हणजे नक्की काय करतेस गं? आणि मग जरा आवाज खाली करून पुढचा, की त्यांचे तर इथे आधीच एवढे नातेवाईक आहेत, चर्च आहे, आपण आलो तेव्हा आपलं कोण होतं? रास्त प्रश्न आहे. म्हणून एकदा नीट सांगते.

आधी पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचे हे लोक येतात कसे ते बघा. सामोआ १९६२ ला स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी त्याचा न्यूझीलंडशी मैत्रीचा करार झाला, त्या नात्यातून सामोआच्या लोकांना इथे कायमचं राहायला यायचा वेगळा कोटा आहे, बरीच वर्षं तो दर साली ११०० जागांचा होता. २००२ पासून टोंगा, फिजी, किरिबाती आणि तुवालूसाठीही तसाच रस्ता उघडला, टोंगा-फिजीला २५०-२५० आणि किरिबाती-तुवालूला ७५-७५, अलीकडे हे आकडे वाढवलेत. सगळं बॅलटवर, म्हणजे सोडतीवर. आणि सोडतीत नाव निघालं म्हणजे झालं असं नाही, मग इथली नोकरीची ऑफर मिळवायची, मुलं असतील तर पगार ठरलेल्या रकमेच्या वर हवा, इंग्रजी जमायला हवं, आणि हे सगळं ठरलेल्या मुदतीत. कुक आयलंड्स, निउए आणि टोकेलाऊचे लोक तर न्यूझीलंडचे नागरिकच, त्यांना व्हिसाच लागत नाही, पण विमानतळावर उतरल्यावरचे प्रश्न त्यांचेही तेच.

आता नातेवाईकांचं. हो, आहेत, आणि ते जे करतात ते आपल्यातल्या फार थोड्यांच्या वाट्याला आलं असेल. चुलतभावाच्या घरात एक खोली रिकामी करून पाच माणसांना महिनोन्‌महिने ठेवून घेतात आणि कुणी तोंडातून ब्र काढत नाही. पण तो चुलतभाऊ कोल्ड स्टोरेजमध्ये रात्रपाळी करतो, त्याची बायको पहाटे चारला ऑफिसं साफ करायला जाते, मोठा मुलगा एअरपोर्टवर बॅगा चढवतो. सकाळी दहाला, जेव्हा बँक उघडी असते, शाळेचं ऑफिस उघडं असतं, टॅक्सवाल्यांचा फोन लागतो, तेव्हा घरात झोपलेला नाही आणि मोकळाही आहे असा माणूसच नसतो. मी तो मोकळा माणूस आहे, अर्धं काम इथेच आलं.

उरलेलं अर्धं, मी त्यांची कुणी लागत नाही म्हणून होतं. हे लोकांना पटत नाही, पण खरं आहे. ज्या भावाने घरात घेतलं त्याला कसं सांगणार की पगार पुरत नाही? पाद्रीबाबांना कसं सांगणार की या रविवारी चर्चच्या देणगीच्या पाकिटात घालायला काही नाही? सगळ्या चर्चला कळेल आणि ती लाज नुसती तुमची नसते, अख्ख्या कुटुंबाची असते, पार गावाकडच्या आजीपर्यंत. माझ्यासमोर मात्र पे-स्लिप टेबलावर ठेवता येते.

पे-स्लिपवरून आठवलं. इथे आयआरडी नंबर, म्हणजे आपल्या पॅनसारखा टॅक्सचा नंबर, मालकाला दिला नाही तर पगारातून सरळ ४५ टक्के कापले जातात. नवीन माणसाला वाटतं इथला टॅक्सच एवढा असेल, मोठा देश आहे, आणि तो गप्प बसतो. एका माणसाने मला ती स्लिप दाखवली तेव्हा ती चार घड्या घालून बायबलमध्ये ठेवलेली होती, त्याने कुणालाच दाखवली नव्हती. बायकोलाही नाही. नंबर काढला, कंपनीत पगार काढणाऱ्यांना कळवला, पुढच्या पगारापासून कपात नीट झाली आणि आधीचे जास्तीचे कापलेले पैसेही नंतर परत आले. यात माझी हुशारी काही नाही, कुणीतरी ती स्लिप वाचणं एवढंच हवं होतं.

सगळ्यात जास्त जीव मेटाकुटीला येतो तो दवाखान्यात. आपल्यालाही लहानपणी शिकवलंय ना, मोठ्यांसमोर मान खाली, उलट प्रश्न नाही. सामोआत, टोंगात हे कितीतरी कडक आहे, मोठ्या माणसाशी उभं राहून बोलायचं नाही, समोरून जायचं तर वाकून. आणि डॉक्टर, नर्स, शिक्षक ही सगळी मोठी माणसं. त्यामुळे नर्स म्हणते अँटिबायोटिक दहा दिवस द्यायचं, बरं वाटलं तरी थांबवायचं नाही, कळलं ना? आणि बाप म्हणतो येस. मधे नऊ वर्षांची पोरगी भाषांतर करतेय, धाकट्या भावाच्या दुखऱ्या घशाचं, आणि तिला ॲलर्जी हा शब्द कुठल्याच भाषेत येत नाही. नर्सला वाटतं समजलं. समजलेलं नसतं, तो येस आदराचा असतो.

आणि तो घसा साधा नसतो. स्ट्रेप नावाच्या जंतूंनी दुखणारा घसा नीट बरा केला नाही तर काही मुलांना ऱ्हुमॅटिक फीवर होतो, सांधे सुजतात, हृदयाच्या झडपा खराब होतात, मग साधारण दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, तेही निदान दहा वर्षं. हा आजार आपल्याकडेही आहेच, पण न्यूझीलंडसारख्या श्रीमंत देशात तो जवळजवळ फक्त माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, आणि पॅसिफिक मुलांनाच होतो, आणि गर्दीची, ओलसर घरं हे त्याचं एक मोठं कारण. मला याचा संताप येतो, अजूनही येतो. म्हणून मी प्रत्येक कुटुंबाला पहिल्याच भेटीत दोन गोष्टी सांगते. मुलाचा घसा दुखला की थांबायचं नाही, स्वॅब, म्हणजे घशातला नमुना घेऊन तपासणी, करून घ्यायचा. आणि दुभाषी मागायचा. मागायचा म्हणजे उपकार नाही, १९९६ पासून इथल्या पेशंटच्या हक्कांत ते लिहिलेलंय. पोरीला शाळेत जाऊ दे.

घराचंही तसंच. डिपॉझिट म्हणजे बाँड, घरात पाळीव प्राणी नसेल तर, चार आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि घरमालकाने तो २३ कामाच्या दिवसांत सरकारकडे जमा करायचा असतो. हॉलमध्ये १८ डिग्रीपर्यंत ऊब देणारा हीटर हवा, भिंतीला बुरशी आली तर सांगायचा हक्क आहे. पण तक्रार केली तर घर जाईल ही भीती, त्यात घरमालक ओळखीतला असला तर बोलायलाच नको. शाळा, बँक, ही कामं त्यामानाने सोपी, दोन चकरांत होतात.

अजून एक, जे आपल्या मंडळींना खरंच माहीत नसतं. सरकारी पाकीट आलं की काही घरांत ते उघडतच नाहीत, फ्रिजवर ठेवून देतात. १९७० च्या दशकात इथे पहाटे घरांत पोलीस घुसायचे, व्हिसा संपलेले लोक शोधायला, त्यांना डॉन रेड्स म्हणतात, आणि रोख सगळा पॅसिफिक लोकांवर. पुढे १९८५-८६ ची माहिती तपासली तर ओव्हरस्टेयर्समध्ये, म्हणजे व्हिसा संपूनही राहिलेल्यांमध्ये, हे लोक एक तृतीयांशच होते पण खटल्यांमध्ये ८६ टक्के. तेव्हाच्या पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी १ ऑगस्ट २०२१ ला ऑकलंड टाउन हॉलमध्ये माफी मागितली, सामोअन रीतीप्रमाणे डोक्यावरून चटई पांघरून घेऊन बसल्या. पण ज्यांच्या आजीने तो दरवाजा ठोठावलेला ऐकलाय त्या घरात पाकीट पटकन उघडलं जात नाही, आणि नवीन आलेला भाचा तेच शिकतो. मी पाकीट त्यांच्यासमोर, त्यांच्याकडूनच उघडवते. बहुतेक वेळा आत वाहनाच्या रजिस्ट्रेशनची आठवण असते.

पैसे घरी पाठवण्यावरून मला घरखर्चाचा सल्ला देणाऱ्या काही बजेटवाल्या लोकांशी भांडायला लागतं. ते पहिला सल्ला देतात की चर्चचं आणि घरी पाठवायचं बंद करा. गावाकडे कार्य निघालं आणि मुंबईतल्या मुलाने हात वर केले तर काय होतं ते आपल्याला सांगायला नको. टोंगाच्या तर अर्थव्यवस्थेचा फार मोठा हिस्सा या पाठवलेल्या पैशांवर उभा आहे. मी ती रक्कम भाड्याच्या खालच्याच ओळीत लिहायला सांगते, लपवायची नाही, आणि मग उरलेल्यात काय बसतं ते दोघं नवराबायको मिळून बघतात. कधी कधी रक्कम ते स्वतःच कमी करतात. कधी नाही करत, तो त्यांचा निर्णय.

आता यानंतर तुमच्यातलेच काही विचारतात, आम्ही काय करू, जुने कपडे देऊ का? कपडे त्यांना चुलतभाऊ देतो. तुमच्याकडे गाडी असेल आणि बुधवारी सकाळचे दोन तास मोकळे असतील तर इथे साउथ ऑकलंडमध्ये मांगेरेला किंवा ओटाराला या, कुणाला तरी घर बघायला घेऊन जा, ॲग्रीमेंट सही करायच्या आधी शेजारी बसून मोठ्याने वाचा. ऑफिसात माणसं घेत असाल तर अशा एखाद्याचा सीव्ही बाजूला टाकण्याआधी त्याला फोन करा. आणि घरी जेवायला बोलावलं तर नाही म्हणू नका, अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवून वाढतील, पोटभर खा आणि पुढच्या बुधवारी परत या.