अकरा नंबरची केस

आमच्याकडे दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटना जिल्हा रुग्णालयात पाठवण्याआधी मी एक रात्र त्यांची परीक्षा घेते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमाप्रमाणे एमडीच्या मुलांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावंच लागतं. नियम चांगला आहे. पण रेडिओलॉजीच्या मुलांचं तिथं काय होतं, ते बाहेरच्यांना कळत नाही. इथं रात्री अडलं की मला उठवता येतं. तिथं सीटीचं मशीन असतं, टेक्निशियन असतो, आणि रात्री दोन वाजता स्क्रीनसमोर तो किंवा ती एकटी. नागपूर दोन-अडीच तासांवर. रुग्णाला तिकडे हलवायचं की नाही, हे तिच्या दोन ओळींवर ठरतं. म्हणून ही परीक्षा.

एमडीच्या परीक्षेत आम्ही स्पॉटर ठेवतो. एकच चित्र, रोग बरोबर मध्यभागी, फक्त नाव सांगायचं. वर्षानुवर्षं हेच चालू आहे आणि मला ते पटत नाही. खऱ्या रात्री कोणी चित्र निवडून देत नाही. पोटाच्या सीटीत पाचशे-सहाशे काप असतात, त्यातल्या चारच कापांत यकृताच्या पुढे हवेचा एक बुडबुडा असतो, आणि तोही पोटाच्या विंडोवर, म्हणजे पोटासाठी लावलेल्या काळ्या-पांढऱ्याच्या मांडणीत, चरबीत मिसळून जातो. फुप्फुसासाठीची लंग विंडो लावली तरच दिसतो. विंडो बदलायची सवय आहे की नाही, हे स्पॉटरमध्ये कधीच कळत नाही.

म्हणून मी आमच्याच जुन्या तपासण्यांतून चोवीस केसेस जमवल्या आहेत. पूर्ण तपासणी, सगळे काप, जशा मशीनमधून आल्या तशा. नाव, नंबर, तारीख काढून टाकायची. सोनोग्राफीच्या चित्रावर नाव छापलेलं असतं, तेही पुसायचं. हे काम किती किचकट आहे ते करणाऱ्यालाच माहीत. शिवाय पोरं हुशार. जुन्या सोळा स्लाइसच्या मशीनचे काप जाड दिसतात, त्यावरून ‘ही केस जुनी आहे, म्हणजे काहीतरी गाजलेली असणार’ असा अंदाज ते बांधतात. म्हणून मी जुन्या मशीनच्या अगदी साध्या, नॉर्मल केसेससुद्धा मुद्दाम मिसळल्या. चोवीसपैकी सहा नॉर्मल आहेत. नॉर्मलला नॉर्मल म्हणायला धाडस लागतं आणि ते आम्ही शिकवत नाही.

केसेस सगळ्या इथल्या. पोळ्याच्या दिवशी बैलाचं शिंग लागून डायफ्रॅम फाटलेला माणूस. मोहाच्या झाडावरून पडलेली बाई, जिचा मणका आडव्या कापांत ठीक वाटतो आणि सॅजिटल, म्हणजे बाजूनं पाहिलेले उभे काप पाहिले तरच मधोमध फाटलेला दिसतो. सिकलसेलचं आठ वर्षांचं लेकरू, पोट दुखतं म्हणून आलेलं, एकाएकी फुगलेली प्लीहा. झोपवून काढलेला छातीचा एक्स-रे, ज्यात न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुसाभोवती साठलेली हवा, वर दिसत नाही, फक्त खालचा कोपरा नको तितका खोल आणि काळा दिसतो. हे सगळं पाठ्यपुस्तकात आहे. पण पाठ्यपुस्तकात पान उलटताना फोन वाजत नाही.

फोन आम्ही वाजवतो. शेजारच्या खोलीत तिसऱ्या वर्षाचा एक रेसिडेंट बसवलेला असतो, तो कधी कॅज्युअल्टीचा डॉक्टर होतो, कधी वॉर्डातला इंटर्न. दर थोड्या वेळानं ‘रिपोर्ट झाला का?’ म्हणून विचारायचं. उलट पोरांना काही विचारायचं असेल तर इंटरकॉमवर त्याला विचारायचं. त्याच्यापुढे प्रत्येक केसचा माझा कागद असतो. त्यात असेल ते त्यानं सांगायचं.

त्या रात्री चौघं होते. नऊला सुरू केलं, तीनपर्यंत चालणार होतं. आमचे टेक्निशियन काका बारा वाजता दारात येऊन म्हणाले, “मॅडम, पोट्ट्यायले चहा तरी पिऊ द्या. काहून एवढं घाबरवून राहिल्या त्यायले?” चहा झाला. मग अकरा नंबरची केस आली.

चिठ्ठीवर एवढंच: स्त्री, २६ वर्षं, डोकेदुखी, झटके. मेंदूचा साधा सीटी, कॉन्ट्रास्ट नाही. ही केस माझी आहे. नऊ वर्षांपूर्वी मे महिन्यात, रात्री, मी ती नॉर्मल म्हणून रिपोर्ट केली होती.

तिच्या डोक्यातल्या मोठ्या शिरेत, वरच्या सॅजिटल सायनसमध्ये, गुठळी होती. रक्त गोठलं की सीटीवर ते जास्त पांढरं दिसतं. हा पांढरेपणा हाउन्सफील्डच्या एककात मोजतात: पाणी शून्य, हवा उणे हजार, वाहतं रक्त साधारण पन्नास-साठ, गोठलेलं सत्तरच्या पुढे. मी मोजलं होतं, ५८ आलं. साठच्या आत, म्हणून नॉर्मल लिहिलं.

रक्ताचा पांढरेपणा हिमोग्लोबिनमुळे असतो. ते कमी असेल तर वाहतं रक्तही फिकट दिसतं, आणि मग ५८ हा आकडा ‘पन्नास-साठ’मध्ये बसला तरी तो नॉर्मल राहत नाही. म्हणून नुसता आकडा न पाहता त्याला हिमॅटोक्रिटनं, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या टक्केवारीनं, भागायचं. हिमॅटोक्रिट साधारण हिमोग्लोबिनच्या तिप्पट धरतात. उत्तर साधारण दीडच्या घरात असेल तर ठीक, दोनच्या पुढे गेलं की गुठळीचा संशय धरायचा. ती बाई बारा दिवसांची बाळंतीण होती, हे चिठ्ठीवर नव्हतं. तिचं हिमोग्लोबिन ६.८ होतं. म्हणजे हिमॅटोक्रिट वीसच्या आसपास, आणि गुणोत्तर जवळपास तीन. मी फोन केला असता तर दोन्ही गोष्टी कळल्या असत्या. मी फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी ती परत आली तेव्हा मेंदूत रक्तस्राव झाला होता. नागपूरला हलवली, वाचली. उजवा पाय ओढत चालते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या ५२.२ टक्के गर्भवती स्त्रियांना ॲनिमिया आढळला होता. आमच्या भागात तर त्यावर सिकलसेलची भर. असं असताना ‘साठच्या आत म्हणजे नॉर्मल’ हा नियम मी इतकी वर्षं कसा वापरला, हे मला आजही खुपतं. म्हणून ती केस परीक्षेत आहे. आणि तिच्या जोडीला चार नंबरची: मे महिन्यात वीटभट्टीवर कोसळलेला मजूर. शरीरातलं पाणी आटून रक्त घट्ट झालेलं, सायनस ७४, पण हिमॅटोक्रिटही ५४ आणि धमन्याही तितक्याच पांढऱ्या. म्हणजे नॉर्मल. पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हाळ्यात असे सायनस आम्हाला कितीदा दिसतात. या दोन केसेसमध्ये फरक करता आला की मुलगा तयार, असं माझं गणित होतं.

चौघांपैकी दोघांनी अकरा नंबर सरळ नॉर्मल लिहिली. तिसऱ्यानं ‘सायनस दाट, थ्रॉम्बोसिसचा संशय, तातडीनं व्हेनोग्राफी’ असं लिहिलं, म्हणजे शिरेत गुठळी असावी, शिरांची तपासणी लगेच करा. पूर्ण गुण. पण त्यानं चार नंबरलाही तेच लिहिलं होतं, आणि सतरा नंबरलाही, जिथं काहीच नव्हतं. पांढरी शीर दिसली की तो थ्रॉम्बोसिस लिहितो.

चौथी मुलगी झाडीपट्टीतली. बोलते कमी, लिहिते सावकाश. तिनं आकडा मोजला, थांबली, आणि इंटरकॉम उचलला. रात्रभरात त्या केसवर इंटरकॉम उचलणारी ती एकटी. मी मागेच उभी होते.

“सर, पेशंट बाळंतीण आहे का? आणि हिमोग्लोबिन किती?”

नऊ वर्षांपूर्वी मी जे विचारायला हवं होतं, नेमकं तेच. माझ्या अंगावर काटा आला.

आणि पलीकडून उत्तर आलं, “बाळंतीण नाही. हिमोग्लोबिन बारा.”

माझ्या कागदावर यातलं काहीच नव्हतं. मीच लिहिलं नव्हतं. केस तयार करताना मी जुनी चिठ्ठी जशीच्या तशी उतरवली, आणि कोणी विचारलं तर काय सांगायचं ते भरायचं राहून गेलं. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला वाटलं, कागदावर नाही म्हणजे सगळं ठीक असणार, आणि त्यानं ठीक आकडा सांगितला. नंतर विचारलं तर म्हणाला, “मॅडम, ‘माहीत नाही’ म्हटलं असतं तर केस अडली असती.”

तिनं बाराला तीननं गुणलं, छत्तीस. अठ्ठावन्नला छत्तीसनं भागलं, १.६. मग लिहिलं: सायनस नॉर्मल मर्यादेत, हिमोग्लोबिन १२ सांगितले आहे ते गृहीत धरून, झटके पुन्हा आल्यास व्हेनोग्राफी करावी.

गुण देण्याच्या तक्त्यात याला शून्य आहे. मुख्य निदान चुकलं की शून्य, तक्ता मीच बनवला आहे.

पहाटे मी आणि माझे सहकारी कागद घेऊन बसलो. मी म्हटलं, परीक्षेतली चूक माझी आहे, तिला खोटी माहिती मिळाली, ही केस तिच्यापुरती रद्द करू. ते म्हणाले, नाही. त्यांनी केस उघडली, मेंदूच्या तळाशी असलेल्या बेसिलर धमनीवर कर्सर ठेवला आणि मोजलं. ३४. “हिमोग्लोबिन बारा असतं तर धमनी चौतीस येईल का? रक्त फिकट आहे हे चित्रच सांगतं आहे. मेंदूपेक्षा धमनी काळी दिसते. फोनवर काहीही सांगू दे, तिनं चित्र मोजायला हवं होतं.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बेसिलर बारीक असते, जुन्या मशीनच्या जाड कापांत शेजारचा द्रव मिसळून आकडा थोडा कमी येतो, हे मी म्हणून पाहिलं. पण चौतीस म्हणजे फारच कमी. ते बरोबर होते. आमचे हे सहकारी तुसडे वाटतात, रेसिडेंट त्यांना टाळतात, पण चित्राशी ते कधी बेइमानी करत नाहीत.

सकाळी मी तिला एकटीला बोलावलं. केस दाखवली, धमनी मोजायला लावली. चौतीस पाहून ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “मॅडम, वॉर्डातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं ना. मग मी कशाला मोजू?”

आम्ही त्यांना पहिल्या दिवसापासून हेच तर सांगतो. चिठ्ठीवर विसंबू नका, फोन करा, पेशंटची माहिती घ्या. ‘पोटदुखी’ एवढ्या एका शब्दावर पाठवलेल्या चिठ्ठ्या रोज ढिगानं येतात, आणि त्या लिहिणाऱ्यांवर माझा राग आहे. पेशंटला पाच मिनिटं दिली नाहीत की आमच्या मशीननं उत्तर द्यावं अशी अपेक्षा. म्हणून मी मुलांना विचारायला शिकवलं. पण फोन उचलणारा रात्री दोनला छत्तीस तासांच्या ड्यूटीवरचा इंटर्न असू शकतो, ज्यानं रिपोर्ट पाहिलेलाच नाही आणि जो फोन लवकर ठेवायला ‘बारा’ म्हणतो, हे मी कधी शिकवलं? दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट सिनिअरचं उत्तर खोटं धरून धमनी मोजेल, असं आम्ही तिला घडवलं आहे का? आमच्याकडे तर सिनिअरला उलट विचारलं की ‘फार शहाणी झालीस’ ऐकावं लागतं. मी स्वतः ते ऐकलं आहे. कदाचित म्हटलंही असेल.

तिकडे पूर्ण गुणवाल्या मुलाला पाठवायला तक्त्याप्रमाणे काहीच हरकत नाही. तो तीन महिन्यांत कितीतरी बायाबापड्यांना विनाकारण नागपूरची वाट धरायला लावेल. रात्रीच्या गाडीचं भाडं, सोबतच्या दोघांची मजुरी बुडणार, उसनवारी. पण त्याच्या हातून अकरा नंबर सुटणार नाही, हेही खरंच. आणि तिच्या हातून सुटली. त्या २६ वर्षांच्या बाईला मी कोणत्या रेसिडेंटच्या हाती द्यावं, असं कोणी विचारलं तर मला एकदम उत्तर देता येत नाही.

जिल्हा रुग्णालयाची यादी मी पाठवली. चौघंही त्यात आहेत. दोघं ज्यांनी सरळ नॉर्मल लिहिलं, तेसुद्धा, कारण थांबवायला नियमात जागा नाही. तिला जाण्याआधी पंधरा दिवस माझ्यासोबत रात्रीच्या ड्यूटीला लावलं. प्रत्येक साध्या सीटीत सायनसच्या जोडीला धमनी मोजते आता, मी न सांगता.

पुढची तुकडी दोन महिन्यांनी आहे. अकरा नंबरचा कागद मी दुरुस्त करायला काढला. ‘बाळंतपण बारा दिवसांपूर्वी, हिमोग्लोबिन ६.८’ असं लिहायला पेन उचललं, तेव्हा सहकारी समोर होते. ते म्हणाले, “लिहू नका. विचारलं तर ‘बारा’च सांगू द्या. तिकडे तेच ऐकायला मिळणार आहे.” मी म्हटलं, परीक्षेत आपण मुलांशी खोटं बोलायचं? ते म्हणाले, “खोटं आपण नाही, तो इंटर्न बोलतो.”

तो कागद टेबलावर तसाच आहे. ‘विचारल्यास’ या शब्दापुढची जागा मी अजून भरलेली नाही.