सहा बाटल्या, उरली एक

2013 साली लंडनला असताना फ्रान्सच्या बोर्डो भागातल्या मेडॉकची 2010 ची रेड वाइन घेतली, सहा बाटल्या. बोर्डोत नदीच्या डाव्या काठाला द्राक्षांच्या जातींचं असतं तेच नेहमीचं मिश्रण: काबर्ने सोव्हिन्यों जास्त, त्याखालोखाल मेर्लो, पेती व्हर्दो नावापुरती. 2010 चं साल गाजलेलं, म्हणून हात जरा सैल सोडला.

पहिली लगेच उघडली. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी आकसते, अगदी तसं! नवऱ्याने एक घोट घेऊन सरळ चहा टाकला. 2017 ला उघडलेली दुसरी मुकीच निघाली. ना वास, ना फळ. तिसरी मी जिन्याखाली आडवी ठेवायची सोडून उभी ठेवलेली. बूच सुकलं, हवा शिरली, वाइन गेली. चूक सर्वस्वी माझी. चौथी पाहुण्यांत संपली, चव आठवत नाही.

परवा पाचवी काढली. गाळ तळाशी बसावा म्हणून आदल्या दिवशीच उभी करून ठेवली. बूच निम्म्यात मोडलं. मोबाइलच्या टॉर्चवर धरून हळूहळू ओतली. मानेपाशी काळसर गाळ दिसला की थांबायचं. तो गाळ म्हणजे पहिल्या बाटलीत जीभ आकसवणारं तेच तुरट द्रव्य (टॅनिन) आणि रंग, वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून जड झालेले. ग्लासच्या कडेला रंग विटकरी. वास ओल्या पानांचा, लाकडाचा, आणि मागून चक्क आजोबांच्या पानाच्या डब्याचा.

"जांभूळ कुठे गेलं?" नवऱ्याने विचारलं. होतं की, पण मनुक्यासारखं सुकलेलं. अर्ध्या तासात आणखी खुलली, तीन तासांनी मात्र उतरली.

सहावी 2030 ला उघडू म्हणतो तो. मला दिवाळीपर्यंत तरी दम निघेल का, शंकाच आहे.