सिलिंडर शाबूत, बॉनेट खाक

घोडबंदर रोडवर कासारवडवलीजवळ गाडी पेटली, एवढं सांगून विमा कंपनीतल्या माणसाने निकालही देऊन टाकला. "सीएनजी किट पॉलिसीत नाहीये साहेब. सीएनजीचीच केस आहे." मी मोटार सर्व्हेअर, म्हणजे क्लेम आला की गाडीचं नुकसान आणि त्याचं कारण तपासून विमा कंपनीला रिपोर्ट देणारा. गाडी बघण्याआधीच कारण सांगणारे मला नवीन नाहीत.

गाडी वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपला ओढून आणली होती. बापलेक वाट बघत उभे. वडिलांनी फाइलच पुढे केली. "आरसीवर पेट्रोल-सीएनजी चढवलंय, हे बघा. लपवलं काय आम्ही?" लपवलं नव्हतंच. किट मान्यताप्राप्त, सिलिंडरची टेस्टही मुदतीत. पॉलिसीत मात्र इंधनाच्या रकान्यात नुसतं 'पेट्रोल'. रिन्यूअल दरवर्षी मोबाइलवर, जुनीच माहिती पुढे सरकत आलेली. आरटीओला कळवलं म्हणजे विमा कंपनीला कळलं, हा समज ठाण्यात घरोघरी आहे. बाहेरून बसवलेल्या किटला साधारण त्याच्या किमतीच्या 4 टक्के आणि थर्ड पार्टीचे 60 रुपये जादा पडतात. म्हणजे 50 हजारांच्या किटला दोन हजारांच्या आसपास.

डिकी उघडली तर आतलं कार्पेटसुद्धा धड. सिलिंडरचा रंग उडाला नव्हता. गॅसची नळी मागून पुढे तपासत आलो; फायरवॉलपर्यंत, म्हणजे केबिन आणि इंजिनमधल्या पत्र्यापर्यंत ठीक, पुढे जळालेली, पण बाहेरून. आग तिच्याकडे आली होती, तिच्यातून निघाली नव्हती. बॅटरीच्या बाजूचा हेडलाइट मात्र पार वितळून खाली ओघळला होता.

तिथेच गुडघ्यावर बसलो. बॅटरीच्या प्लसवरून एक जाड वायर थेट लायटीच्या रिलेकडे, म्हणजे जास्त करंट पेलणाऱ्या वेगळ्या स्विचकडे गेलेली, मध्ये फ्यूज नाही. बॉनेटखालच्या पत्र्याच्या धारेवर ती घासत होती. त्याच जागी तांब्याच्या टोकाला मोहरीएवढा गोळा. शॉर्ट झाल्याशिवाय असा गोळा होत नाही.

"लायटी बदलल्यास का रे?"

मुलाने वडिलांकडे बघितलं. "गायमुखच्या घाटात काही दिसत नाही, म्हणून 100/90 चे टाकले."

गाडीसोबत आलेले बल्ब 60/55 वॉटचे, अप्पर 60 आणि डिपर 55. त्या जागी 100 चा टाकला की करंट दीडपटीच्या वर जातो, म्हणून रिले लावतात. तेवढं ॲक्सेसरीवाल्याने बरोबर केलं होतं. फ्यूज तेवढा वाचवला.

वडिलांचा चेहरा आधी खुलला, मग पडला. सीएनजी सुटला आणि मुलगा अडकला. "लायटीचं लिहायलाच हवं का?" त्यांनी हळूच विचारलं. हवंच. सीएनजीने आग लागली नाही हे ज्या पानावर लिहायचं, त्याच पानावर ती कशाने लागली हेही येणार.

कंपनीला पूर्ण क्लेम नाकारायचा होता. मी रिपोर्टमध्ये किट जाहीर न केल्याचं लिहिलं, आणि त्याचा आगीशी संबंध नाही हेही लिहिलं. आग हा पॉलिसीत धरलेला धोका आहे, शॉर्ट सर्किटची असली तरी. बराच पत्रव्यवहार होऊन त्यांनी क्लेम नॉन-स्टँडर्ड धरून, म्हणजे अट मोडली तरी पूर्ण न नाकारता काही भाग देऊन, 75 टक्क्यांवर तोडगा काढला. किट आणि लायटींची किंमत वगळून.

पैसे जमा झाल्यावर मुलाचा फोन आला. लायटीचे का नाही धरले, पावती आहे ना? पावती होती. पॉलिसीत लायटी नव्हत्या.