पिकअप चढाला दम सोडतोय? आधी धूर बघा

आमचा पिकअप जुना, मेकॅनिकल पंपवाला डिझेल. सपाटीला शहाण्यासारखा चालायचा आणि चढ लागला की दम सोडायचा. अशावेळी लोक थेट इंजिन खोलायच्या गोष्टी करतात, मी म्हणतो थांबा, आधी सायलेन्सर बघा. काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय नाहीतर डिझेल जास्त जातंय, निळा म्हणजे ऑइल जळतंय, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा थांबत नसेल तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय किंवा कूलंट आत शिरतंय. आमच्याकडे धूरच नव्हता! म्हणजे डिझेलच पुरेसं पोचत नसणार. डिझेल फिल्टर नवा टाकला, फरक शून्य. मग फिल्टर आणि पंपाच्या मधे पारदर्शक पाइपचा तुकडा जोडून रेस दिली तर बारीक बुडबुड्यांची रांगच लागली. खाली थेंबही गळत नव्हता, कारण टाकीपासून पंपापर्यंतच्या पाइपातून पंप डिझेल ओढत असतो, त्यामुळे चीर पडली की डिझेल बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाते (हे भल्याभल्यांना चकवतं). टाकीजवळचा रबरी पाइप क्लिपखाली तडकलेला, बोटाने वाकवला तेव्हा कुठे चीर दिसली. पाइप बदलला, हँड प्रायमर (डिझेल पुढे ढकलायचा हातपंप) मारून हवा काढली, आता तोच चढ गिअर न उतरवता चढतो.