एकाच गॅसच्या टॉर्चवर मणी
ऑक्सिजनच्या सिलिंडरविना, जळण्यासाठी लागणारी हवा भोवतालातूनच ओढून घेणाऱ्या साध्या टॉर्चवर आज दिवसभर काचेचे मणी केले. ही ज्योत तुलनेने थंड असल्यामुळे काच वितळायला वेळ लागतो, आणि घाईने कांडी टॉर्चच्या तोंडाशी नेली की पांढऱ्या व हस्तिदंती काचेवर काजळीची करडी छटा चढते. म्हणून काम जरा लांब, ज्योतीच्या टोकाकडे धरावे लागते. बोरोसिलिकेटचा, म्हणजे वितळायला जास्त उष्णता लागणाऱ्या कठीण काचेचा, नाद येथे सोडलेलाच बरा. कमी उष्णतेत मऊ होणारी सोडा-लाइम काच मात्र निमूटपणे ऐकते. हा संथपणा मला तरी सोयीचाच वाटला, कारण लेप दिलेल्या पोलादी सळईवर मणी फिरवताना पाकासारखी ओघळू पाहणारी काच सावरायला अवधी मिळतो आणि ठिपके हवे तिथेच बसतात. टॉर्च आवाज तेवढा फार करतो.